यादीत वर्गातल्या प्रत्येकाचे नाव हवे

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

शाळांच्या परदेश भेटींविषयी आपल्या दैनिकात गेल्या काही दिवसांत आलेली पत्रे मी इथे ब्रेमेनमध्ये आवर्जून वाचली. अशा भेटींतून मुलांच्या पदरात नेमके काय पडते, खर्चाच्या मानाने ते पुरेसे असते का, आणि ‘दुसऱ्या संस्कृतीची ओळख’ या शब्दांमागे खरोखर काही असते की नुसती छायाचित्रे असतात, असे प्रश्न त्या पत्रांत विचारलेले आहेत. मी जर्मनीतील एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षांपासून भूगोल आणि इंग्रजी शिकवते आणि आतापर्यंत चार वेळा मुलांना घेऊन परदेशातील शाळेत गेले आहे. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट मांडायची आहे. परक्या माणसांची आणि स्थलांतरितांची समज अशा भेटीतून येते याबद्दल माझ्या मनात शंका नाही; पण ती येते वर्गातली सगळी मुले गेली तर. ज्यांच्याकडे सोयीचा पासपोर्ट नाही, किंवा पासपोर्टच नाही, अशा मुलांना मागे ठेवून निघालेला वर्ग स्थलांतराविषयी जे शिकतो ते नेमके उलटे असते.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. मी ज्या भेटींविषयी लिहीत आहे त्या सहली नव्हेत. शालेय देवाणघेवाणीत मुले हॉटेलात उतरत नाहीत. ती आपल्याच वयाच्या विद्यार्थ्याच्या घरी राहतात, त्याच्याबरोबर त्याच्या शाळेत जातात, त्याच्या आईवडिलांच्या वेळा आणि नियम पाळतात, आणि काही महिन्यांनी तोच विद्यार्थी त्यांच्या घरी पाहुणा म्हणून येतो. ही पद्धत युद्धाच्या जखमांतून रुजली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एएफएस ही संघटना दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, शालेय विद्यार्थ्यांना परदेशातील कुटुंबांत पाठवू लागली. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात २२ जानेवारी १९६३ रोजी एलिझे करार झाला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून युवक कार्यालय उभारले. तेव्हापासून ९० लाखांहून अधिक मुलेमुली त्याच्या कार्यक्रमांत सहभागी झाली आहेत. तीन पिढ्या एकमेकांवर बंदुका रोखलेल्या दोन देशांनी आपली मुले एकमेकांच्या घरी झोपायला पाठवली, यापेक्षा धाडसी शैक्षणिक निर्णय मला तरी माहीत नाही. आज आमच्यासारख्या शाळांना युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेतून पैसे मिळतात. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिची तरतूद सुमारे २६ अब्ज युरोंची आहे, शालेय गटाला २ ते ३० दिवस राहता येते, आणि अडचणीतल्या मुलांसाठी वेगळी मदतही मागता येते. पैसा हा अडथळा आहेच, पण तो सर्वांत मोठा नाही हे मला फार उशिरा कळले.

आमची भागीदार शाळा इटलीच्या सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडची मुले ब्रेमेनला आली आणि पुढच्या वसंतात आम्ही तिकडे गेलो. इटालियन मुलांना आम्ही तासाभरावरच्या ब्रेमरहाफेन बंदरात घेऊन गेलो होतो. तिथे २००५ साली उघडलेले स्थलांतर संग्रहालय आहे. १८३० ते १९७४ या काळात ७२ लाख माणसे या बंदरातून जहाजात बसून युरोप सोडून गेली, आणि संग्रहालयात शिरताना प्रत्येकाच्या हाती त्यांच्यापैकी एका खऱ्या व्यक्तीच्या नावाचे कार्ड दिले जाते. मग अंधाऱ्या धक्क्यावर, पेट्या आणि गाठोडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांमधून, जहाजाच्या काळ्या भिंतीला लागून चालत जायचे असते. सिसिलीची मुले तिथे बराच वेळ रेंगाळली. इटलीतून १८७६ नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे अडीच कोटी माणसे बाहेर गेली हे त्यांना घरातूनच ठाऊक असते. प्रत्येकाचा कोणी ना कोणी चुलत-आजोबा अमेरिकेत किंवा अर्जेंटिनात असतो. पण श्रीमंत जर्मनीचीही माणसे कधी अशी गाठोडी घेऊन उभी होती, हे त्यांच्या लेखी नवीन होते. खरे सांगायचे तर आमच्या अर्ध्या वर्गालाही ते नवीनच होते.

आता यादीची गोष्ट सांगते, कारण या पत्राचे खरे कारण तीच आहे.

पालेर्मोला जाणाऱ्या १८ मुलांपैकी चौघांकडे युरोपीय संघातील कोणत्याही देशाचे नागरिकत्व नव्हते. तिघांची कागदपत्रे सरळ होती. चौथ्या मुलाच्या कुटुंबाचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झालेला होता आणि त्यांची हद्दपारी तेवढी थांबवलेली होती. दर काही महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायचा एक कागद त्यांच्याकडे होता, पासपोर्ट नव्हता. तो मुलगा कोणत्या देशाचा हे मी मुद्दाम लिहीत नाही. वर्गात भेटीची घोषणा केली तेव्हा हात वर न करणारा तो एकटाच होता. तास संपल्यावर मी विचारले, तर म्हणाला, “मला प्रवासाची फारशी आवड नाही, बाई.” पंधरा वर्षांच्या मुलाला प्रवासाची आवड नाही! नकार येणार हे ज्यांना आधीच ठाऊक असते ती मुले कोणी नाही म्हणण्यापूर्वी स्वतःच नको म्हणून मोकळी होतात, म्हणजे कोणालाच अवघडल्यासारखे वाटत नाही. हे ओळखायला मला अकरा वर्षे शिकवावे लागले.

फार थोड्या शिक्षकांना माहीत असलेला एक नियम इथे उपयोगी पडला. युरोपीय संघाने ३० नोव्हेंबर १९९४ रोजी असे ठरवले की, एका सदस्य देशात राहणारा पण त्या संघाचा नागरिक नसलेला विद्यार्थी शाळेच्या गटातून, शिक्षकांबरोबर दुसऱ्या सदस्य देशात जात असेल, तर त्याला व्हिसाची गरज नाही. शाळेने मुलांची एक यादी करायची, तीवर प्रवासाचे कारण आणि तारखा लिहायच्या, मुख्याध्यापकांनी सही करायची आणि संबंधित कार्यालयाने शिक्का मारायचा. मुलाकडे फोटोचे ओळखपत्र नसेल तर यादीवर त्याचा फोटो लावायचा, आणि मग तीच यादी त्याच्यासाठी पासपोर्टचे काम करते. जर्मन भाषेत तिला ‘श्यूलर-झामेल-लिस्टे’ म्हणतात, म्हणजे विद्यार्थ्यांची सामूहिक यादी. ज्याची हद्दपारी फक्त थांबवलेली आहे अशा मुलालासुद्धा, परतल्यावर ती थांबवलेलीच राहील अशी नोंद परदेशी नागरिक कार्यालयाने आधी करून दिली, तर त्या यादीवर परत देशात येता येते. शाळेची सही सरहद्द उघडते असा दुसरा प्रसंग माझ्या तरी ऐकिवात नाही.

नियम असला तरी काम सोपे नव्हते. कार्यालयात माझ्या तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला खिडकीवरच्या बाईंना ही यादी काय असते हेच ठाऊक नव्हते, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही, कारण शाळा ती मागायलाच येत नाहीत. आमच्याच शिक्षककक्षात, चांगल्या मनाने, मला सुचवण्यात आले की एका मुलासाठी सगळा बेत अडकवून ठेवू नये. त्याला त्या दिवसांत समांतर वर्गात बसवावे. मी त्या सहकाऱ्यांना एवढेच विचारले की, सतरा मुले पालेर्मोत जाऊन स्थलांतरितांविषयी निबंध लिहीत असतील आणि अठरावा इथे दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला असेल, तर त्या निबंधांना आपण गुण कसे द्यायचे? शिक्का निघण्याच्या पाच दिवस आधी मिळाला.

आम्ही रेल्वेने गेलो. ब्रेमेनहून म्युनिक, तिथून ब्रेनर खिंड ओलांडून व्हेरोना, बोलोन्या, रोम, आणि रोमहून रात्रीची गाडी. सिसिली हे बेट असूनही तिथे रेल्वे जाते ती अशी: मुख्य भूमीच्या टोकाला गाडीचे तुकडे करून डबे एकामागून एक जहाजाच्या पोटात ढकलले जातात आणि माणसांसकट पलीकडे नेले जातात. सामुद्रधुनी अरुंद जागी सुमारे ३ किलोमीटर रुंद आहे. पहाटे डबे आत शिरताच मुले आनंदाने ओरडत वरच्या डेकवर पळाली. तो मुलगा जागचा हलला नाही. सात वर्षांचा असताना त्याने तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यामधला एजियन समुद्र रबरी होडीतून पार केलेला होता, हे मला त्याच्या शाळेच्या नोंदींतून माहीत होते; वर्गातल्या कोणाला त्याने ते कधी सांगितलेले नव्हते. मी दारापाशी उभी होते, काय बोलावे ते मला सुचत नव्हते. तेवढ्यात डेकवर गेलेल्यांपैकी एक मुलगा परत खाली आला, त्याच्यासमोर बसला, आणि पिशवीतून पत्ते काढून त्याने वाटायला घेतले. कारण विचारले नाही, कशाविषयी एक शब्द काढला नाही. जहाज पलीकडे लागेपर्यंत ते दोघे खेळत होते.

सहानुभूती शिकवता येते का, असा प्रश्न आपल्या एका पत्रलेखकाने केला आहे. मला वाटते ती धडा म्हणून शिकवता येत नाही, पण ती ज्या परिस्थितीत सुचते ती परिस्थिती शाळेला घडवता येते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते की, दोन समाजांतली माणसे नुसती एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. त्यांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान असावा लागतो, काम एकच असावे लागते, ते मिळून करावे लागते, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा लागतो. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले आणि संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात, वरच्या अटी पाळल्या तर अधिक कमी होतात, असा निष्कर्ष काढला. आगगाडीच्या डब्यात या साऱ्या अटी आपोआप पुऱ्या होतात. पण त्यासाठी दोन्ही मुले त्याच डब्यात असावी लागतात.

यजमान घरांत पहिले दोन-तीन दिवस सर्वांनाच जड जातात, आणि तसे ते जावेत असे माझे मत आहे. आमच्या वर्गातली सर्वांत बोलकी मुलगी, जिचा हात प्रत्येक प्रश्नाला वर असतो, तिसऱ्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन रडवेली झाली. यजमान आई फार प्रेमळ होती, कशाची कमतरता नव्हती. पण घरात इंग्रजी कोणाला धड येत नव्हते आणि हिला इटालियन येत नव्हते. जेवणाच्या टेबलावर सगळे हसले की हीही हसायची, कशाला ते न कळता. “इथे कोणाला माहीतच नाही की मी हुशार आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने तिने विचारले की, यादीवरचा तो मुलगा आमच्या वर्गात नवीन आला तेव्हा वर्षभर गप्प असायचा, त्याला आपण सगळे मंद समजत होतो का. मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. कारण त्या वर्षी तोंडी सहभागाचे गुण त्याला मीच सर्वांत कमी दिले होते, आणि इंग्रजीची शिक्षिका असूनही गप्प राहणे आणि न समजणे यांतला फरक मी पाहिला नव्हता. मी स्वतः या देशात आले तेव्हाची पहिली दोन वर्षे मी विसरून गेले होते.

त्या मुलाच्या बाबतीत वेगळेच घडले. त्याच्या यजमान घरात ऐंशी ओलांडलेले आजोबा होते. ते १९६२ मध्ये, विशीत, जर्मनीत कामाला गेले होते. जर्मनी आणि इटली यांच्यात २० डिसेंबर १९५५ रोजी कामगार भरतीचा करार झाला आणि त्यानंतर उमेदवारांची तपासणी जर्मन अधिकारी इटलीतच करत. व्हेरोनामध्ये त्यांचे मोठे केंद्र होते. अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे केले, दात पाहिले, तळहात पाहिले, हे आजोबा अजून सांगतात. मग उत्तर जर्मनीतील एका मोटार कारखान्यात आठ वर्षे, त्यांतली पहिली काही वर्षे कुंपण घातलेल्या लाकडी बराकीत, एका खोलीत चौघे. त्यांना येणारे जर्मन म्हणजे कारखान्यातले जर्मन: ‘लवकर’, ‘सावधान’, ‘उद्या या’, ‘सुटी झाली’. परतल्यानंतरच्या पन्नासहून अधिक वर्षांत ते बोलायला कोणी मिळाले नव्हते, आणि आता घरात एक ‘जर्मन मुलगा’ पाहुणा आला होता. हो, त्या घरात तो जर्मन होता. शेजाऱ्यांना त्याची ओळख ‘इल तेदेस्को’, म्हणजे ‘जर्मन’, अशीच करून दिली जायची. ब्रेमेनमध्ये आठ वर्षे राहूनही त्याला कोणी असे म्हटले नव्हते, हे त्याने मला परतीच्या वाटेवर सांगितले, आणि ते सांगताना तो हसत होता की काय ते मला नीट कळले नाही.

एका संध्याकाळी मी त्या घरी गेले तेव्हा आजोबा आणि तो बाल्कनीत बसले होते आणि त्यांच्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: ‘आउफेन्टहाल्ट’, वास्तव्य. वास्तव्याचा परवाना. आजोबांनाही तो वेळोवेळी वाढवून घ्यावा लागायचा. पुढे १९६८ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायातील (आजच्या युरोपीय संघाचे तेव्हाचे रूप) कामगारांना एकमेकांच्या देशांत मुक्तपणे काम करण्याचा हक्क मिळाला, आणि आजोबांना तो शब्द रोज लागेनासा झाला. त्या मुलाला तो अजून लागतो. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख परदेशी कामगार पश्चिम जर्मनीत आले आणि त्यांतले सुमारे १ कोटी १० लाख परत गेले, हे आकडे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. बाल्कनीतल्या त्या दोघांना पाहिल्यापासून ते लिहिताना माझा खडू थोडा वेळ थांबतो.

पालेर्मो शहर या विषयासाठी जणू बांधलेलेच आहे. अकराव्या शतकापर्यंत तिथे अरबांचे राज्य होते, मग मूळचे उत्तर फ्रान्सचे ख्रिस्ती नॉर्मन आले; मुख्य कॅथीड्रलच्या द्वारमंडपातील एका खांबावर कुराणातील वचन कोरलेले आहे आणि ते कोणी खरवडलेले नाही. जुन्या ज्यू वस्तीतील रस्त्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन भाषांत आहेत. बाल्लारो बाजारात बांगलादेशी आणि आफ्रिकी दुकानदार सिसिलियन दुकानदारांशेजारी ओरडून माल विकतात. आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ हिंदू, शहराची संरक्षक संत रोझालिया हिच्या डोंगरावरील गुहेत मनोभावे दर्शनाला जातात, हे पाहून आमच्या मुलांपेक्षा मलाच अधिक गलबलून आले. याच शहराचे तेव्हाचे महापौर लेओलूका ऑर्लांदो यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये ‘पालेर्मो सनद’ जाहीर झाली. स्थलांतर हा मानवी हक्क मानावा आणि वास्तव्याचा परवाना ही गोष्टच रद्द करावी, अशी तिची मागणी आहे. मुलांनी त्यावर दोन तास वाद घातला. बहुतेकांना ते अशक्य वाटले, काहींना न्याय्य वाटले, आणि माझे स्वतःचे मतही अजून पक्के झालेले नाही.

तिथल्या इतिहासाच्या तासाला मात्र वाद झाला नाही. लाम्पेदूझा हे इटालियन बेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला अधिक जवळ आहे. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच्या किनाऱ्याजवळ बोट बुडून ३६८ माणसे मेली, आणि इटलीने २०१६ मध्ये कायदा करून तो दिवस स्मृतिदिन ठरवला. जर्मनीत ३ ऑक्टोबरला एकीकरणाची राष्ट्रीय सुटी असते. आमच्या मुलांना त्या तारखेचा दुसरा अर्थ त्या वर्गात पहिल्यांदा कळला. मग तिथल्या शिक्षिकांनी १८ एप्रिल २०१५ च्या दुर्घटनेविषयी सांगितले. ती बोट शेकडो माणसांसह बुडाली. इटलीच्या नौदलाने पुढच्या वर्षी ती समुद्रतळावरून वर काढली आणि मिलानच्या न्यायवैद्यकतज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांची ओळख पटवण्याचे काम हाती घेतले. त्यांत मालीतला सुमारे १४ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या जॅकेटमध्ये आतून काहीतरी शिवलेले लागले म्हणून शिवण उसवली, तर आत घडी करून ठेवलेले शाळेचे प्रगतिपुस्तक निघाले.

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर आमच्यातल्या एकाने हळूच विचारले की, त्याला गुण चांगले होते का. काहींना तो प्रश्न विचित्र वाटला, मला वाटला नाही. मालीचा तो मुलगा हाच प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून ते पान छातीशी शिवून निघाला होता. युरोपात पोचल्यावर शाळेचा कागद दाखवला की आपण कोण आहोत ते लोकांना कळेल, यावर त्याचा विश्वास होता. २०१४ पासून भूमध्य समुद्रात ३० हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली आहेत. हा आकडा मुलांनी वहीत लिहून घेतला असेल, पण प्रगतिपुस्तक त्यांना सांगावे लागले नाही, ते त्यांच्या प्रत्येकाच्या घरी आहे. माझ्या पिशवीत त्या वेळी आमची शिक्का मारलेली यादी होती. तास संपल्यावर मी ती काढून एकदा पाहिली.

इथे माझी एक जुनी चूक सांगणे भाग आहे, कारण हल्ली अनेक शाळा तीच करताना दिसतात. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका देशातील भेटीत, मी मुलांना निर्वासितांच्या निवाराकेंद्रात घेऊन गेले होते. हेतू चांगला होता. व्यवस्थापकांनी आम्हाला खोल्या दाखवल्या, खाटा दाखवल्या, आणि भोजनगृहात बसलेली माणसेही दाखवली. आमच्या मुलांच्याच वयाच्या एका मुलाने आम्हाला पाहून ताट उचलले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. तेवढ्यात आमच्यातल्या कोणीतरी फोन वर धरला होता. त्या भेटीनंतरच्या निबंधांत ‘बिचारे’ हा शब्द इतक्या वेळा आला की मला वाचवेना. दया आली होती, पण ती वरून खाली पाहणारी होती. त्यानंतर मी कोणत्याही शिबिरात मुले नेलेली नाहीत. स्थलांतरित माणसे मुलांना भेटावीत ती शिक्षक, दुकानदार, आजोबा, यजमान, बाकावरचा सोबती म्हणून. पाहण्याची वस्तू म्हणून कधीही नाही.

तसेच, ‘आता तुम्हाला कळले स्थलांतरित होणे म्हणजे काय’ असे मुलांना सांगण्याचा मोहही टाळावा. त्यांना ते कळलेले नसते. बारा दिवस भाषेवाचून काढणे आणि आयुष्य उचलून नेणे यांत परतीच्या तिकिटाचा फरक आहे. ती बोलकी मुलगी रडली तेव्हा तिला ठाऊक होते की पुढच्या गुरुवारी ती आपल्या भाषेत परत जाईल. तिच्या अनुभवाची किंमत कमी करण्यासाठी मी हे म्हणत नाही. स्वतःच्या लहानशा अडचणीवरून दुसऱ्याच्या मोठ्या अडचणीचा अंदाज येतो, आणि तो अंदाजच आहे हेही उमगते. ही दोन्ही टोके धरली तरच ती समज खरी.

घरी पाहुणा ठेवण्याची अट हा आणखी एक न दिसणारा अडसर आहे. देवाणघेवाण म्हटली की ‘तुमच्याकडे वेगळी खोली आहे का’ हा प्रश्न अर्जात येतो, आणि दोन खोल्यांत पाच जण राहणारी कुटुंबे तिथेच थांबतात. आम्ही आता दोन कुटुंबांना एक पाहुणा देतो: झोपायला एका घरी, संध्याकाळचे जेवण दुसऱ्या घरी. ज्या आईला इतकी वर्षे पालकसभेत मागे बसलेली पाहिले, तिने सिसिलीच्या मुलीला तीन आठवड्यांनंतरही पत्र पाठवले होते. कोणत्या भाषेत ते मी विचारले नाही.

परतीच्या प्रवासात सीमेवरचे कूफश्टाइन स्थानक सोडल्यावर जर्मन पोलीस गाडीत चढले. ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून ही तपासणी चालू आहे. दोघे अधिकारी डब्यातून चालत आले, सोनेरी केसांच्या सहा मुलांना ओलांडून पुढे गेले आणि त्या मुलासमोर थांबले. मी यादी काढून दिली. त्यांनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, शिक्का पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. ते सभ्यपणे वागले. सगळे मिळून चार मिनिटे लागली असतील. पण त्या चार मिनिटांत बाकीच्या सतरा जणांनी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली: त्यांच्याकडे कोणी काही मागितले नव्हते. पोलीस उतरल्यावर पहिल्या रांगेतल्या मुलाने आपले ओळखपत्र खिशातून काढून उलटसुलट करून पाहिले आणि पुन्हा आत ठेवले. माझ्या कोणत्याही तासाला मी एवढे शिकवलेले नाही. आणि तो मुलगा बरोबर नसता तर कोणीही न अडवता आमचा वर्ग म्युनिकला पोचला असता.

असे नियम आपोआप टिकत नाहीत हेही लक्षात घ्यावे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२१ पासून ही यादी आणि युरोपीय ओळखपत्रे स्वीकारणे बंद केले. तेव्हापासून ज्या वर्गात एखाद्या मुलाला व्हिसा लागतो त्या वर्गासाठी इंग्लंडची भेट किचकट झाली. आम्ही आमची तिकडची जुनी ओळख त्यामुळेच थांबवली. फ्रान्सने हा विषय सर्वोच्च पातळीवर लावून धरला आणि २८ डिसेंबर २०२३ पासून फ्रेंच शाळांच्या गटांसाठी सूट मिळवली, त्यांत फ्रान्समध्ये शिकणाऱ्या परदेशी नागरिक मुलांनाही व्हिसातून मोकळीक आहे. म्हणजे शाळांनी आणि पालकांनी मागितले तर मिळते. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले, नातवंडे आज युरोपातील शाळांत शिकत आहेत आणि त्यांतल्या कित्येकांकडे भारतीय पासपोर्ट आहे. शाळा ‘तुमच्या मुलाला व्हिसाची अडचण येईल’ म्हणाली की पालक समजुतीने मागे होतात, हे मी इथल्या मराठी घरांत पाहिलेले आहे. त्यांनी मागे होऊ नये. यादी मागावी. आणि ज्यांच्या मुलांचा पासपोर्ट बिनअडचणीचा आहे अशा पालकांनी तर ती आधी मागावी, कारण त्यांच्या मुलांना जे शिकायचे आहे ते त्या यादीवरच्या शेवटच्या नावावाचून शिकता येणार नाही.

यंदाच्या गटात २१ मुले आहेत. त्यांतल्या सहा जणांची नावे यादीवर जातील. एका मुलीचा फोटो अजून यायचा आहे, आणि कार्यालयातील आमची वेळ पुढच्या मंगळवारी सकाळी सव्वानऊची आहे.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका,
ब्रेमेन, जर्मनी